मधल्या घरातली हळद आणि कॅननची १०-१८ लेन्स

आमच्याकडे मांडवातली हळद सगळ्यांना दिसते. त्यानंतरची हळद मात्र मधल्या घरात असते. बायका नवरीला आत नेतात, दार लोटतात, जात्याजवळ बसून गाणी म्हणतात, आजी नातीच्या गालाला हळद लावता लावता रडते आणि करवल्या एकमेकींना पिवळं करतात. पुरुष फोटोग्राफर तेव्हा ओसरीवर चहा पीत बसलेला असतो, कारण आत त्याला कुणी बोलवत नाही. मला बोलवतात. लोणार तालुक्यातल्या आठ-दहा गावांत हळदीच्या फोटोंसाठी माझं नाव निघतं ते याच कामामुळे. म्हणून या लेन्सबद्दल मी जे लिहिते आहे, ते दहा बाय बाराच्या, एका खिडकीच्या खोलीतून लिहिते आहे असं समजा.

लेन्स आहे कॅनन ईएफ-एस १०-१८ एमएम, एफ ४.५-५.६ आयएस एसटीएम. १०-१८ हे तिच्या फोकल लेंग्थचे मिलिमीटर: एकाच कॅमेऱ्यावर हा आकडा जितका लहान, तितकं जास्त रुंद दिसतं. कॅननने ती २०१४ च्या मे महिन्यात आणली. माझा कॅमेरा १५००डी. गेल्या दिवाळीच्या आधी अकोल्यातल्या एका दुकानातून ही लेन्स जुन्यात साडेदहा हजाराला घेतली, आणि एक पूर्ण लग्नसराई तिच्यावर काढली.

पण लेन्सकडे येण्याआधी मी ती का घेतली ते सांगितलं पाहिजे. कारण त्याच्या आधी मी एक चूक केली होती आणि ती चूक आमच्या भागातले निम्मे नवे फोटोग्राफर करतात.

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ ने मधल्या घरात भागत नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून उभी, नवरी पाटावर, आमच्यात सात फूट अंतर. १८ वर ठेवलं तरी फ्रेममध्ये जेमतेम पावणेनऊ फूट रुंदी यायची. म्हणजे नवरी आणि दोन्ही बाजूंच्या दोघी-दोघी. कडेला बसलेल्या आजीचा हात यायचा, आजी यायची नाही. मागे सरकायला भिंत होती. दारात उभं राहावं तर दारात पाच पोरी आधीच उभ्या.

मेहकरला एका लग्नात मी दुसऱ्या एका फोटोग्राफरबरोबर काम केलं. त्याच्याकडे फुल फ्रेम कॅमेरा (ते काय, पुढे सांगते) आणि २४-७०, एफ २.८ ची लेन्स. बोहल्यापासून बारा फुटांवर उभं राहून त्याने २४ वर फोटो काढला तर अख्खं बोहलं, दोन्हीकडचे मामा, अंतरपाट धरणारे, सगळं आत. अठरा फूट रुंदी. मी त्याच जागेवरून माझ्या १८ वर काढला तर पंधरा फूट. मला वाटलं, महागड्या लेन्सची करामत आहे. त्याने २४ लिहिलेल्या लेन्सने माझ्या १८ पेक्षा जास्त घेतलं, तर ती लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर आली की कमाल करील. ओळखीने दोन दिवसांसाठी ती लेन्स मागून आणली. कॅननची ईएफ, म्हणजे फुल फ्रेमसाठी बनवलेली लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते, लाल ठिपका जुळवला की झालं. पाऊण किलोहून जड ती लेन्स लावून हळदीला गेले, २४ वर ठेवली, आणि माझ्या १८-५५ पेक्षाही कमी आलं. सात फुटांवरून साडेसहा फूट. नवरी आणि दोघी, बस्स. त्या संध्याकाळी मी गपचूप लेन्स बदलली आणि जुन्यावरच काम उरकलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांचा बस स्टँडजवळ स्टुडिओ होता, तीस वर्षं. आता तोच मी चालवते. त्यांचा कॅमेरा यशिका मॅट १२४ जी. वरून खाली वाकून पाहायचा, १२० चा रोल, रोलला बारा चौकोनी फोटो. त्यावर एकच लेन्स, ८० एमएमची, निघत नाही, बदलत नाही. सगळी वऱ्हाडं त्या एका लेन्सने काढलेली.

बाबा ऐकून म्हणाले, "माह्या ऐंशीसारखं झालं हे."

मला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या घरच्या लग्नात मी सगळ्या घराण्याचा फोटो काढत होते. कॅमेऱ्यावर लांबची ५५-२५० लावलेली होती. बाबा मागून म्हणाले होते, "ऐंशीवर ठेव वं माय. वीस फुटांवरून अख्खी रांग बसते. मी तीस वर्षं बसवली." मी ऐंशीवर ठेवलं, वीस पावलं नाही तर टेपने मोजून वीस फूट मागे गेले, आणि फ्रेममध्ये तीन माणसं आली. बाबांनी कॅमेरा हातात घेतला, स्वतः पाहिलं, रिंग थोडी मागे-पुढे केली, परत ऐंशीवर आणली, परत पाहिलं. "लेन्स बिघडली काय तुई?" एवढंच म्हणाले आणि कॅमेरा परत दिला. तेव्हा घाईत ते तसंच राहून गेलं. पण ते मनातून गेलं नव्हतं त्यांच्या, आणि माझ्याही.

त्या रात्री आम्ही दोघांनी त्यांची निगेटिव्हची पेटी काढली. एका लग्नाची चौकोनी निगेटिव्ह काढून काचेवर ठेवली, खालून बॅटरी लावली. यशिकाची निगेटिव्ह ५६ मिलिमीटर बाय ५६ मिलिमीटर. त्यावर चौदा फुटांची रांग, दोन ओळी, पुढे सतरंजीवर पोरं. मग मी जाड कागदात एक खिडकी कापली, २२ बाय १५ मिलिमीटरची. माझ्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो सेन्सर आहे, तो तेवढाच आहे, २२.३ बाय १४.९. ती खिडकी निगेटिव्हच्या मधोमध ठेवली.

खिडकीतून नवरा-नवरी आणि शेजारचा एक मामा दिसला. तीन माणसं.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिडकी सरकवली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली, एकेक माणूस पाहिला. "म्हंजे लेन्स तेवढीच. फिलिम लहान झाली," ते म्हणाले. मला हे पुस्तकात वाचून जेवढं कळलं नसतं तेवढं त्या कागदाच्या तुकड्याने कळलं. त्यांच्या निगेटिव्हच्या क्षेत्रफळात माझा सेन्सर नऊ वेळा मावतो. ऐंशीची लेन्स दोन्हीकडे माणसाला तेवढंच मोठं काढते. त्यांच्याकडे तिला कागद मोठा मिळतो, माझ्याकडे लहान.

दुसऱ्या दिवशी लेन्स परत करायच्या आधी मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने एकदा करावी असं मला मनापासून वाटतं. माजघराची खिडकी बंद केली, दार अर्धं उघडं. दारातून चाळीस फुटांवर आमचं कडुनिंबाचं झाड दिसतं, वीसेक फूट उंचीचं. अंधारात उभं राहून ती २४-७० लेन्स २४ वर ठेवून झाडाकडे रोखली आणि तिच्या मागे, साडेचार सेंटीमीटरच्या जरा आत, बटर पेपर धरला. कागदावर झाड उतरलं. उलटं, रंगीत, पानांच्या हालचालीसकट. आणि चौकोनी नाही, गोल. कुठलीच लेन्स चौकोनी चित्र काढत नाही. ती एक उजेडाचं वर्तुळ टाकते. त्यालाच इमेज सर्कल म्हणतात. चौकोन कापतो तो कॅमेरा.

त्या कागदावर मी पेन्सिलने दोन चौकोन आखले होते, मधोमध एकात एक. मोठा ३६ बाय २४, म्हणजे फुल फ्रेम. लहान २२ बाय १५, माझा. झाड पट्टीने मोजलं तर बारा मिलिमीटर. मोठ्या चौकोनात बारा आणि लहान चौकोनातही बाराच, कारण झाड एकच होतं. फक्त मोठ्या चौकोनात शेजारचा गोठा आणि हापशीही होती, लहान चौकोनाची रेघ गोठ्याच्या आधीच संपत होती. मेहकरच्या त्या फोटोग्राफरला बोहलं अख्खं मिळालं ते यामुळे.

आता हिशेब सोपा झाला. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण आठवा: लेन्सच्या मागे एक लहान त्रिकोण, पुढे एक मोठा. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. उत्तर म्हणजे तेवढ्या अंतरावर किती रुंदी फ्रेममध्ये येईल. माझ्या कॅमेऱ्यावर १८ असेल तर २२.३ भागिले १८, म्हणजे १.२४. दहा फुटांवर बारा फूट चार-पाच इंच. १० असेल तर २.२३, दहा फुटांवर बावीस फूट. ५० असेल तर दहा फुटांवर साडेचार फूट. बाबांच्या यशिकाला ५६ भागिले ८०, म्हणजे ०.७, वीस फुटांवर चौदा फूट. स्टुडिओच्या दाराआड भिंतीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलने "२० फूट – १४ फूट" असं लिहिलेलं आहे, मी लहानपणापासून पाहते आहे. त्यांनी हा भागाकार कधी केला नव्हता. दोरी ताणून, माणसं उभी करून मोजलं होतं. भागाकाराने इंचाला इंच तेच आलं.

अंशांत सांगायचं तर आडवा दृश्यकोन १८ वर साधारण ६४ अंश आणि १० वर ९६ अंश. लेन्सच्या डब्यावर किंवा जाहिरातीत यापेक्षा मोठा आकडा दिसेल, १०७ अंशांच्या पुढचा. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तिरका कोन असतो. खोलीत माणसं आडवी बसतात, त्यामुळे मी आडवा कोनच धरते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण मला तो तीन जणांनी ठामपणे सांगितला. "ईएफ-एस लेन्सवर (म्हणजे कॅननच्या लहान सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्सवर) १० लिहिलंय ते क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरने होणारी काटछाट, धरूनच लिहिलंय, ते १६ करायची गरज नाही." असं नाही. लेन्सवरचे मिलिमीटर हे लेन्सचे स्वतःचे असतात, ती कुठल्या कॅमेऱ्यासाठी बनवली याने ते बदलत नाहीत. दोन लेन्सची तुलना फुल फ्रेमशी करायची असेल तर कॅननच्या लहान सेन्सरला १.६ ने गुणायचं, ईएफ असो की ईएफ-एस. निकॉन आणि सोनीचा लहान सेन्सर किंचित मोठा, साडेतेवीस मिलिमीटर रुंद, म्हणून तिथे १.५. माझी १०-१८ फुल फ्रेमच्या १६-२९ सारखं पाहते.

मग प्रश्न येतो, ईएफ-एस मध्ये वेगळं काय? ते वर्तुळ. फुल फ्रेमचा चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४३.३ मिलिमीटर, म्हणून त्याच्या लेन्सला निदान तेवढं वर्तुळ टाकावंच लागतं. माझा सेन्सर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २६.८. ज्या लेन्सला एवढंच झाकायचं आहे, तिला काच कमी लागते. कॅननने त्याच महिन्यात फुल फ्रेमसाठी १६-३५ एफ ४ ही लेन्सही आणली होती. तिचं वजन ६१५ ग्रॅम, समोरचा फिल्टर ७७ एमएमचा. माझ्या १०-१८ चं वजन २४० ग्रॅम, फिल्टर ६७ चा. दोघींची सर्वांत रुंद नजर जवळपास सारखी: तिची दहा फुटांवर साडेबावीस फूट, माझी बावीस फूट तीन-चार इंच. तिची काच जास्त उजेड घेते, तिचा कॅमेरा अंधारात माझ्यापेक्षा सरस, हे खरं आहे. पण हळद संध्याकाळी सातला सुरू होते आणि अकरापर्यंत चालते. चार तास एका हातावर २४० ग्रॅम आणि ६१५ ग्रॅम यातला फरक मनगटाला विचारा.

लेन्स हातात आल्यावर बटर पेपरचा प्रयोग हिच्यावरही केला. हिचा फोकस मोटरवर चालतो, कॅमेऱ्यावरून काढल्यावर रिंग फिरवून उपयोग होत नाही, म्हणून आधी कॅमेऱ्यावरच लांबच्या झाडावर फोकस केला आणि मग काढली. १० वर तोच कडुनिंब पाच मिलिमीटरचा झाला, पण आजूबाजूला गोठा, हापशी, शेजारची भिंत, सगळं आलं. लहान चौकोन भरून गेला. मोठ्या चौकोनाचे चारही कोपरे काळे राहिले. वर्तुळ तिथपर्यंत पोचत नाही.

म्हणून एक सांगणं. पुढे फुल फ्रेम घ्यायचा विचार पक्का असेल तर ही लेन्स घेऊ नका. कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर ती बसतच नाही, मागचा भाग आत जास्त जातो आणि तिथला आरसा मोठा असतो. लेन्सच्या कड्यावर पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, लाल ठिपका म्हणजे ईएफ, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. नव्या बिनआरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टरने बसते, पण कॅमेरा मधलाच तुकडा वापरतो. २६ मेगापिक्सेलचे मग दहाच उरतात.

आता मधल्या घरात ती कशी चालते ते.

पहिल्या हळदीला भिंतीला पाठ लावली, १० वर ठेवलं आणि पाहते तर सात फुटांवर साडेपंधरा फूट. नवरी, दोन्ही बाजूंच्या सगळ्या, जातं, कोनाड्यातली समई, कडेला भिंतीशी बसलेली आजी, आणि वरच्या कोपऱ्यात छताच्या कड्या. आजी पहिल्यांदा अख्खी आली. तो फोटो मी मोठा करून त्या घरी दिला. आज त्यांच्या ओसरीवर आहे. आजी आता नाहीत.

पण पहिल्याच दिवशी हिचा दुसरा गुणही कळला. कडेला बसलेल्या मावशीचा दंड आणि गाल ओळखू येणार नाही एवढा रुंद झाला होता. लेन्स खराब नव्हती. अशा लेन्सला सरळ भिंत सरळच काढायची असते, आणि सरळ रेषा सांभाळायच्या म्हटलं की कडेच्या गोल गोष्टी ताणल्या जातात. किती, तेही काढता येतं. १० वर अगदी कडेला ४८ अंशांवर चेहरा असेल तर तो सुमारे दीडपट लांबट होतो. १८ वर कडेला हाच ताण १.१८ पट, म्हणजे डोळ्याला फारसा कळत नाही. तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. फ्रेमच्या दोन्ही कडांना मी माणूस ठेवत नाही. तिथे दाराची चौकट, उतरंड, हळदीचं ताट, कपाट. माणसं मधल्या दोन-तृतीयांशात. जागा नसेल तर १२ किंवा १३ वर आणते. बायकांना फोटोत स्वतःचं अंग जाड दिसणं आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या अंगणातल्या सगळ्यांत सुंदर दिवसाचा फोटो आहे तो. लेन्सच्या गणितापायी त्यांनी का ओशाळावं?

उजेडाची अडचण खरी आहे. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो; १० वर ४.५ आणि १८ वर ५.६, यापेक्षा ही लेन्स उघडत नाही. जुनी धाब्याची घरं असतात, छताला लाकडी कड्या, वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने काळ्याभोर. शहरातले लोक म्हणतात फ्लॅश छतावर मारा. काळ्या छतावर मारलेला फ्लॅश परत येत नाही. आणि कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश १८ च्या आसपासची रुंदी उजळवतो, १० वर कडा काळ्या राहतात आणि खाली लेन्सचीच सावली पडते. मी एक साधा पांढरा पडदा सोबत नेते, जुनं धोतर आहे बाबांचं. मागच्या भिंतीला माझ्या डोक्याच्या वर बांधते आणि बाहेरचा फ्लॅश त्यावर मारते. तेही जमलं नाही तर कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवून ३२०० आणि एक साठांश सेकंद. लेन्समध्ये हात थरथरण्याचा बंदोबस्त आहे, आयएस, त्याने जातं, समई, भिंत स्वच्छ येते. हलणाऱ्या हाताला मात्र त्याचा उपयोग नाही. हळद लावणारे हात थोडे पुसट येतात. मला ते चालतं, काही गिऱ्हाइकांना चालत नाही.

"आमच्या फोनचं पॉइंट फाइव्ह यापेक्षा जास्त घेतं," असं करवल्या फोनमधली ०.५ ची रुंद लेन्स लावून दाखवतात. घेतं, खरं आहे. फोनच्या त्या लेन्सची फोकल लेंग्थ जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते, मागचा सेन्सर नखाहून लहान, म्हणून एवढ्याशा लेन्सने अख्खी खोली येते. नियम तोच. पण ट्यूबलाइटच्या उजेडात तो फोटो बारा बाय अठरा छापून पाहा. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसलेल्या असतात.

बांधणी प्लास्टिकची आहे, कॅमेऱ्याला जोडणारं कडंही प्लास्टिकचं. वर्षभरात काही झालेलं नाही, पण मी ती पिशवीत कापड गुंडाळून ठेवते. उन्हाचं हूड सोबत मिळत नाही, वेगळं घ्यावं लागतं. वैशाखातल्या दुपारच्या लग्नात ते लागतंच. जुन्यात घेताना एक तपासणी करा: विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून १० वर फोटो काढा आणि मोठा करून डावा आणि उजवा कोपरा पाहा. दोन्हीकडच्या विटांच्या रेघा सारख्या तीक्ष्ण हव्यात. एक बाजू पुसट असेल तर आतली काच सरकलेली असते, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मी दुकानाच्या समोरच्या भिंतीवर दोन लेन्स पाहिल्या, पहिली परत दिली.

शेवटी लोणारचं सरोवर. आमच्या इथून गाडीने अर्धा तास. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा मी काठावर गेले होते. पाण्यातला खार वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग दिला, असं पुढे तपासणीत निघालं. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. माझ्याकडे तेव्हा १८-५५ होती. काठावरच्या एका दगडावर उभी राहून १८ वर काढलेला फोटो आजही आहे: गुलाबी पाणी डाव्या कडेला कापलेलं, उजव्या कडेलाही कापलेलं. तेव्हा वाटलं, आणखी मागे जावं. मागे जायला जागा होती, पण मागे गेलं की काठ आड येतो आणि पाणी दिसत नाही. खोलीत भिंत अडवते, इथे उल्केने केलेला खड्डा अडवत होता.

आता आकडे माहीत आहेत म्हणून हिशेब करते. खड्ड्याचा काठ सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, आतलं पाणी सरासरी १.२ किलोमीटरचं. काठावर कुठेही उभं राहिलं तर पाण्याची डावी कड आणि उजवी कड यांच्यामध्ये साधारण ८४ अंशांचा कोन होतो. १८ चा दृश्यकोन ६४. म्हणजे त्या दिवशी माझं काहीच चुकलं नव्हतं, ते बसणंच शक्य नव्हतं. १० चा ९६. यंदाच्या कार्तिकात त्याच दगडावर उभी राहिले. पाणी बसलं, दोन्ही बाजूंना सहा-सहा अंशांची झाडी उरली, वरती ढगांची एक पट्टी.

किंमत इथेही मोजावी लागते. समोरचा काठ १.८ किलोमीटरवर, तिथलं दहा मीटरचं झाड १० वर माझ्या सेन्सरवर पंधरा पिक्सेलचं होतं. ठिपका. ५५-२५० लावून २५० वर काढलं तर तेच झाड पंचवीसपट मोठं, पण मग सरोवर नाही, फक्त झाड. बाबांना मी दोन्ही फोटो दाखवले. ते म्हणाले, "यशिकानं काढलं असतं तर अर्धं पाणीबी आलं नसतं." मी लगेच मोजलं. यशिकाचा आडवा कोन ३९ अंश. ८४ च्या निम्म्यापेक्षा थोडा कमीच.

उन्हाळ्यात परत जाणार आहे, त्याच दगडावर, तेव्हाही १० वरच. अंतर तेच, सेन्सर तोच, लेन्स तीच, म्हणजे दोन फोटो एकावर एक ठेवले की पाणी किती आत गेलं ते पट्टीने मोजता येईल. दगडावर मी पायांची जागा खडूने आखून ठेवली होती. पावसाने ती पुसली असेल, म्हणून या वेळी सोबत रंगाची डबी नेणार आहे.